चार बोटांचे अंतर



न्यायमूर्ती रानडे यांनी ही वसंत व्याख्यानमाला १८७५ साली सुरू केली. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना टेलिफोनचे पेटंट मिळाले ते १८७६ साली, आणि एमिल बर्लिनर यांनी आपला ध्वनिग्राहक पुढे मांडला तो १८७७ साली. म्हणजे ज्या यंत्राविषयी आम्ही आज बोलणार आहोत, त्याहून ही व्याख्यानमाला वयाने थोरली आहे. प्रारंभीची कित्येक वर्षे वक्ते येथे माईकवाचून बोलले आणि पुणेकरांनी ते ऐकले. नुसते ऐकलेच नाही, तर घरी जाताना त्यातील चुकाही काढल्या असतील. तेव्हा माईकची थोरवी गाण्यासाठी आम्ही येथे उभे नाही. तो कोणासमोर ठेवावा आणि किती अंतरावर ठेवावा, एवढेच सांगायचे आहे.

आमची शाळा दहावीपाशी सुटली. पुढचे शिक्षण भोसरीच्या यंत्रांजवळ आणि नगर वाचन मंदिराच्या पुस्तकांत झाले. ध्वनिशास्त्राचा आमचा अधिकार काही नाही. तीस वर्षे कारखान्यांच्या फाटकांवर बोलून माईकशी जी ओळख झाली तेवढीच, आणि तीही पुढे चुकीची ठरली.

गेली काही वर्षे आम्ही कामगारांसाठी पॉडकास्ट करतो. हा शब्द २००४ साली बेन हॅमर्स्ली या इंग्रज पत्रकाराने ‘गार्डियन’मध्ये प्रथम वापरला, अर्थ एवढाच, की बोललेले मुद्रित करून ठेवायचे आणि ज्याला हवे त्याने, हवे तेव्हा, आपल्या फोनवर ऐकायचे. आम्हांला त्याची गरज का पडली? पूर्वी पाळी सुटली की फाटकावर पाचशे माणसे उभी राहत. आजचा कंत्राटी कामगार कंपनीच्या बसमध्ये बसतो, बस फाटकातून आत जाते, आणि संध्याकाळी तशीच बाहेर येते. फाटकावर उभा राहिलेला पुढारी त्याला काचेतून दिसतो, एवढेच. निगडीहून चाकणला जायला वाहतूक सरळ असली तर पाऊण तास लागतो, आणि ती सरळ कधीच नसते. त्या पाऊण तासात त्याच्या कानात शिरावे, असे आम्ही ठरवले.

ठरवले आणि बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलो. छायाचित्रांत गवय्यांच्या पुढे असतो तसला एक भारदस्त, जाळीचा माईक आम्हांला आवडला. तो घेतला. दुकानदाराने विचारले, “कशासाठी पाहिजे?” आम्ही म्हणालो, “चांगला पाहिजे.” हा आमचा पहिला गुन्हा. माईक चांगला की वाईट हा प्रश्नच नसतो; कोणत्या खोलीत, कोणाच्या तोंडापुढे, हा प्रश्न असतो.

तो माईक कंडेन्सर जातीचा होता. त्याच्यात एक अतिशय पातळ पडदा आणि त्यामागे एक स्थिर पत्रा असतो. दोहोंत विजेचा भार ठेवलेला असतो. आवाजाने पडदा हलला की दोहोंमधले अंतर बदलते आणि त्याबरोबर विजेचा दाब बदलतो. बेल कंपनीच्या मंडळींत काम करणाऱ्या वेंट यांनी १९१६ साली हा प्रकार तयार केला. पडदा हलका, म्हणून तो फार तीक्ष्ण, श्वाससुद्धा टिपतो. मात्र त्याला वीज पुरवावी लागते, बहुधा ४८ व्होल्ट, आणि ती माईकच्याच तारेतून पाठवतात.

हा तीक्ष्ण माईक घेऊन आम्ही काळेवाडीला एका वृद्ध कामगाराच्या घरी गेलो. त्यांचा कारखाना बंद पडला त्या वर्षाची हकीकत त्यांनी सांगावी अशी आमची फार दिवसांची इच्छा होती. दोन खोल्यांचे घर, वर पत्रा, खाली फरशी. माईक टेबलावर ठेवला; ते पलंगावर बसले. अंतर सहज तीन हात असेल. नोटीस लागली तो दिवस, फंडाचे खेटे, मुलाची सुटलेली शाळा, हे सर्व ते सांगत गेले. पत्नीचे मंगळसूत्र गहाण टाकले त्या गोष्टीवर आले तेव्हा त्यांचा आवाज खाली गेला. आत त्या स्वयंपाक करीत होत्या, त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. आम्ही भारावून परतलो.

रात्री ऐकू लागलो तो कुकरच्या पाच शिट्ट्या स्पष्ट. पंख्याची घरघर स्पष्ट. शेजारच्या दूरदर्शनसंचावर कोण कोणाला घराबाहेर काढत होते तेही स्पष्ट. आणि आमचा माणूस मात्र विहिरीच्या तळाशी. मंगळसूत्राच्या जागी तर केवळ पंखा होता. माईकने आपले काम चोख केले होते. त्याच्या दृष्टीने कुकर जवळ आणि माणूस लांब होता.

आठवड्याने पुन्हा गेलो. त्यांनी पुन्हा सांगितले. पण या वेळी तारखा आल्या, रकमा आल्या, वकिलाची फी आली. हिशेब आला, हकीकत आली नाही. आम्ही मंगळसूत्राचे विचारले तेव्हा म्हणाले, “ते त्या दिवशी सांगितलं की. आता काय ते पुन्हा पुन्हा.” त्यांचे बरोबर होते. माणूस अशी गोष्ट एकदाच सांगतो. आमच्या कामात चुकीच्या माईकचा दंड पैशांत भरता येत नाही.

त्यानंतर आम्ही पुस्तके आणली आणि अभ्यासाला बसलो. एक नियम असा सापडला की अंतर दुप्पट केले तर तोंडातून थेट येणारा आवाज सहा डेसिबलने उतरतो, म्हणजे दाबाच्या हिशेबात निम्मा होतो. खोलीत घुमणारा आवाज मात्र सगळीकडे जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणून माईक दूर नेऊन यंत्राचा कान कितीही पिळला, तरी माणसाबरोबर पंखाही तितकाच मोठा होतो. महाग माईक तीन हातांवर आणि स्वस्त माईक चार बोटांवर असे दोन असतील, तर आम्ही डोळे मिटून दुसरा घेऊ. डोळा आणि कान यांत चार बोटांचे अंतर असते अशी म्हण आहे. तोंड आणि माईक यांतही तेवढेच असावे.

आमच्या कामाला लागला तो डायनॅमिक माईक. सभांतून हाती धरतात तोच. त्यात पडद्याला तारेचे वेटोळे चिकटवलेले असते आणि ते लोहचुंबकाच्या क्षेत्रात हलते. फॅरडेने १८३१ साली दाखवलेल्या तत्त्वाने त्यात वीज निर्माण होते. वेटोळ्याचे वजन पडद्यावर असल्याने तो थोडा मंद असतो, लांबचे बारीक आवाज फारसे मनावर घेत नाही, आणि आपटला तरी रुसत नाही. शुअर कंपनीचा एसएम५८ हा या जातीचा माईक १९६६ साली निघाला आणि अजून विकला जातो. दुसऱ्या कंपन्यांचे, आपल्याकडच्या आहुजाचेही असे माईक मिळतात; नावापेक्षा जात पाहावी. पत्र्याच्या घरात, रस्त्यालगतच्या कार्यालयात, जेथे खोली आपल्या ताब्यात नाही तेथे डायनॅमिक. गाद्या-पडदे लावलेली शांत खोली असेल तर कंडेन्सर शोभतो.

माईकला दिशाही असते. यांतील बहुतेक माईक हृदयाकृती क्षेत्राचे असतात: समोरचे ऐकतात, बाजूचे कमी, पाठीमागचे सर्वांत कमी. तेव्हा माईकची पाठ खिडकीकडे करावी. आणि नेमके हेच लोक उलटे करतात, खिडकीतून उजेड येतो म्हणून पाहुण्याला खिडकीकडे पाठ करून बसवतात, म्हणजे माईकचे तोंड रस्त्याकडे. शिवाय तोंड कोणते ते आधी पाहावे. कंडेन्सर माईक पुष्कळदा अंगाने ऐकतो, टोकाने नव्हे. आम्ही दोन महिने त्याच्या डोक्यात बोलत होतो.

जोडणीविषयी थोडक्यात. एकट्याने बोलायचे तर यूएसबीचा माईक संगणकाला लावला की झाले. दोघांनी बोलायचे तर दोन माईक हवेत, आणि असे दोन यूएसबी माईक एका संगणकावर नांदवणे कटकटीचे होते. त्यापेक्षा तीन टाचण्यांच्या एक्सएलआर तारा आणि त्या घेणारी ऑडिओ इंटरफेसची पेटी बरी. त्या तारेत मोठी गंमत आहे. दोन तारांतून एकच संदेश जातो, एकीतून सुलटा, दुसरीतून उलटा. वाटेत घुसलेली घरघर मात्र दोघींवर सारखीच बसते. शेवटी एकीतून दुसरी वजा केली की घरघर शून्य होते आणि संदेश दुप्पट. हे वाचले त्या रात्री आम्हांला आनंदाने झोप आली नाही. दोन माणसांचे माईक एकमेकांपासून निदान तिप्पट अंतरावर असावेत. म्हणजे तोंडापासून एक वीत असेल तर आपसांत तीन विती. प्रत्येकाचे मुद्रण वेगळ्या पट्टीवर घ्यावे. पातळी बेताची ठेवावी, उंचात उंच आवाज उणे बारा डेसिबलच्या आसपास. कारण बोलता बोलता माणूस हसतो किंवा हुंदका देतो, त्यासाठी वर जागा हवी. आणि कानाला हेडफोन लावून ऐकत राहावे. यंत्राची सुई हलते यावर विश्वास ठेवू नये. ती कुकरनेही हलते.

आता आपल्या भाषेचा एक प्रश्न, जो इंग्रजी पुस्तकांत सापडत नाही. प, फ, ब, भ हे वर्ण ओठ मिटून सुटतात आणि त्यांबरोबर वाऱ्याचा झोत येतो. तो पडद्यावर बसला की ‘धप्प’ असा दणका उठतो. आता कामगाराचे बोलणे पाहा: पगार, फंड, भत्ता, बोनस, पाळी, बदली, पिंपरी, भोसरी. जणू चळवळीने आपला सारा कोश ओठांवरच ठेवला आहे! इंग्रजांना एका ‘प’ची धास्ती, आपल्याला महाप्राण ‘भ’ही सांभाळायचा. उपाय सोपा आहे. माईक तोंडाच्या अगदी समोर न ठेवता ओठांच्या कोपऱ्याच्या रेषेत, थोडा तिरका ठेवावा. झोत पुढे निघून जातो, आवाज माईकला मिळतो. वर फेसाची टोपी किंवा पुढे जाळीचा पडदा लावावा. तिरका ठेवल्याने ‘स’ आणि ‘च’ची शिट्टीही सौम्य होते.

अगदी जवळ गेले की असल्या माईकमध्ये खर्ज फुगतो. पुढाऱ्याला हे फार आवडते. आपला आवाज इतका भारदस्त आहे हे त्याला पूर्वी कोणी सांगितलेले नसते. आमचेही तेच झाले. पहिले चार भाग आम्ही स्वतःच बोललो, फाटकावर बोलतो तसे. एका कामगाराच्या पत्नीने निरोप पाठवला, “अण्णांना म्हणावं, कानात ओरडू नका, आम्ही काय केलंय?” लाज वाटली. फाटकावर कर्ण्यातून पाचशे जणांना सांगायचे असते. येथे एकाच्या कानाशी बसायचे असते. त्याहून मोठी गोष्ट त्या निरोपाने ध्यानात आली. तीस वर्षे माईकचे तोंड आमच्याकडे होते आणि त्याची पाठ कामगारांकडे. आणि पाठीमागचे त्याला सर्वांत कमी ऐकू येते, हे आताच सांगितले. पाचव्या भागापासून आम्ही प्रश्न विचारून गप्प बसू लागलो.

माणसांपुढे माईक ठेवू लागलो तेव्हा खरी अडचण कळली. स्टँडवरचा माईक पाहिला की घरकाम करणारी बाई एकदम पाठ्यपुस्तकातल्यासारखी बोलू लागे: “माझे नाव अमुक, मी तमुक ठिकाणी काम करते.” तिच्यासाठी कपड्याला लावायचा चिमटीएवढा माईक बरा. त्यातला पडदा एलेक्ट्रेट जातीचा; गेरहार्ड सेस्लर आणि जेम्स वेस्ट यांनी १९६२ साली बेल प्रयोगशाळेत ही युक्ती काढली, विजेचा भार पदार्थातच कायमचा मुरवण्याची. पाच मिनिटांत तो लावला आहे याचा विसर पडतो. पण आम्ही तो पहिल्यांदा छातीच्या मध्यावर लावला, तर दर वाक्याला मंगळसूत्राची वाटी त्यावर टक्कन आपटे. हात हलला की बांगड्या, मान वळली की पदराची खसखस. काढून ठेवा म्हणणे आम्हांला शोभले नसते. आमच्या एका सभासद बाईने तोड काढली: पदराची पिन असते त्याच्या दुसऱ्या खांद्याकडे, ब्लाऊजच्या काठाला माईक लावायचा, तारेचा एक लहान वेढा करून तो चिकटवायचा, म्हणजे ओढ माईकपर्यंत पोचत नाही, आणि मांडीवर उशी द्यायची. हात उशीवर टेकले की बांगड्या मुक्या होतात. ही तीन वाक्ये आम्हांला कोणत्याही पुस्तकात सापडली नसती.

मात्र हा चिमुकला माईक बहुधा चहूबाजूंनी ऐकणारा असतो, आणि त्यातून एकदा अनर्थ होता होता टळला. एका कंत्राटी सफाई कामगार बाईंनी नाव न सांगण्याच्या अटीवर मुकादमाच्या वागणुकीविषयी सांगितले. नाव आम्ही कोठेच घेतले नव्हते. प्रसिद्ध करण्याच्या आदल्या रात्री हेडफोन लावून पुन्हा ऐकले, तर मध्येच शेजारीण दारातून त्यांना हाक मारते, नावाने, खणखणीत. दुसऱ्या दिवशी त्यांची नोकरी गेली असती आणि ती आमच्या निष्काळजीपणाने. हाक कापली. मग त्यांनी विचारले, आवाजही बदलता येतो का? यंत्राने बदलून पाहिला. तो चित्रपटातल्या बाहुल्यासारखा झाला, आणि त्या बाईंचे दुःख विनोदी वाटू लागले. अखेर त्यांचेच शब्द, त्यांच्यासमोर बसून, दुसऱ्या बाईंनी वाचले. तेव्हापासून ज्याला ओळख लपवायची आहे त्याच्यापुढे आम्ही चहूबाजूंनी ऐकणारा माईक ठेवत नाही.

खोलीविषयी सांगायचे राहिले. नागड्या भिंती घुमतात. आमच्या कार्यालयात संपाचे जुने कापडी फलक होते, ते भिंतींवर लावले. शोभा आली, घुम गेला नाही. पातळ कापड वरचे बारीक स्वरच शोषते. जाड गोधड्या भिंतीपासून चार बोटे सुटवून टांगल्या तेव्हा फरक पडला. खाली सतरंजी, टेबलावर घडी घातलेली चादर. आणि मुद्रण गुरुवारी. पिंपरी-भोसरीच्या उद्योगवस्तीला गुरुवारची सुट्टी असते; कामगार मोकळा असतो आणि आजूबाजूची यंत्रेही गप्प असतात. दुरुस्तीसाठी वीजही बहुधा गुरुवारीच जाते, म्हणजे पंखा बंद करा असे सांगावे लागत नाही. बॅटरी मात्र भरून ठेवावी.

एवढे सारे नसेल तरी अडत नाही. आपल्या पुण्यातल्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी खेड्यापाड्यांतील बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साह्याने त्यांतील हजारो गाऊन घेऊन मुद्रित झाल्या, आणि २०१७ पासून ‘परी’ या संकेतस्थळावर त्या ऐकता येतात. त्या बायकांना कोणी स्टुडिओत नेले नाही. माईक त्यांच्या घरी गेला. तुमच्या फोनमध्येही माईक आहे; तो रुमालाच्या घडीवर ठेवून वक्त्याच्या तोंडापासून वीतभर आणला, तर पुष्कळ काम होते.

एक तरुण आमच्याकडे आला होता. पॉवर प्रेसवर काम करीत असे. त्याला खुर्चीवर बसवून आम्ही सवयीने म्हणालो, “माईकपासून चार बोटे ठेव.” त्याने उजवा हात वर केला. अंगठा आणि करंगळी. “अण्णा, चार कुठून आणू?” तो हसला, आम्हांला हसता आले नाही. प्रेसच्या आवाजात राहून त्याचे कानही गेलेले होते, म्हणून तो मोठ्याने बोलत होता. माईक वीतभर मागे घ्यावा लागला. आता आम्ही माप तोंडाने सांगत नाही. आपला हात मध्ये घालून अंतर लावून देतो आणि आपल्या जागेवर जाऊन बसतो.

काळेवाडीचे ते पहिले मुद्रण आम्ही अजून ठेवले आहे. आवाज गाळणारी साधने दरवर्षी सुधारत आहेत असे ऐकतो, म्हणून दरवर्षी ते एकदा घालून पाहतो. गेल्या वर्षी पंखा बराच निघाला. शिट्ट्या निघाल्या. मंगळसूत्राच्या जागी आता तीन शब्द कळतात: “तिला सांगू नका.” मग एक शिट्टी, जी निघत नाही, आणि आतून त्यांच्या पत्नीचा आवाज: “चहा ठेवू का?”

ते मुद्रण आम्ही प्रसिद्ध केलेले नाही.